एच-१बीवर नोकरी आणि घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहतो. २०१४ साली एच-१बीवर, म्हणजे कंपनीने काढलेल्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर, आलो, २०२१ मध्ये घर घेतलं, ग्रीन कार्डाच्या रांगेत अजून उभाच आहे. मंडळाच्या गणपतीत प्रसादाची थाळी हातात असताना किंवा रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकदाचे लिहून काढले आहेत. मी वकील नाही. तुमच्या केसमध्ये गुंता असेल तर वकिलाची फी वाचवू नका.

व्हिसावर असताना अमेरिकेत घर घेता येतं का?

येतं. घराची मालकी आणि व्हिसा यांचा कायद्याने संबंध नाही. पुण्यात बसलेला, कधीही अमेरिकेत न आलेला माणूसही इथे घर घेऊ शकतो. फ्लोरिडासारख्या काही राज्यांनी २०२३ पासून परदेशी खरेदीदारांवर बंधनं आणली, पण त्यांचा रोख चीन आणि इतर काही ठरावीक देशांवर आहे, भारतावर नाही.

उलट बाजूही ऐकून ठेवा. घर घेतल्याने ग्रीन कार्ड एक दिवसही लवकर मिळत नाही. रिअल्टर, म्हणजे घरांचा दलाल, काहीही सुचवो.

अमेरिकेत अमुक वर्षं राहिलेलं असावं लागतं का?

नाही. कर्ज देताना बँका दोन वर्षांच्या नोकरीचा हिशेब मात्र मागतात, आणि त्यात भारतातली नोकरी कागदोपत्री दाखवता आली तर बहुतेक ठिकाणी चालते.

मग अडतं कुठे?

कर्जाशी. इथली बरीचशी गृहकर्जं बँक स्वतःकडे ठेवत नाही, ती फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या कर्जं विकत घेणाऱ्या कंपन्यांना विकते. त्यामुळे खरे नियम त्यांचे. ते सांगतात की कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी माणसाला नागरिकाच्याच अटींवर कर्ज द्यायला हरकत नाही. पहिलं घर असेल तर ३ टक्के डाउन पेमेंटवरही कर्ज मिळू शकतं. २० टक्क्यांपेक्षा कमी भरलंत तर पीएमआय नावाचा विम्याचा हप्ता मागे लागतो. कर्ज घराच्या मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की अर्ज करून तो काढता येतो, ७८ टक्क्यांवर तो आपोआप निघायला हवा. माझा निघाला नव्हता, दोन फोन करावे लागले.

एक दार मात्र बंद झालं आहे. एफएचए कर्ज, म्हणजे सरकारी हमी असलेलं, ५८० च्या पुढच्या क्रेडिट स्कोअरला साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर मिळणारं, २५ मे २०२५ पासून एच-१बी, एल-१ (कंपनीअंतर्गत बदली), ओपीटी (शिक्षणानंतरचा कामाचा परवाना) अशा तात्पुरत्या दर्जाच्या लोकांना मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं. फटका बसला तो नुकत्याच आलेल्यांना, ज्यांच्या गाठीशी ना बचत होती ना क्रेडिटचा इतिहास. जुने व्हिडिओ पाहून ‘एफएचए घेऊ’ म्हणत बसू नका.

पासपोर्टातला व्हिसा संपला आहे. कर्ज मिळेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि यात सगळ्यात जास्त गोंधळ आहे, बँकवाल्यांचाही.

पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा, ज्याला आपण ‘स्टॅम्पिंग’ म्हणतो, तो फक्त विमानतळावर आत येण्यासाठी असतो. आत आल्यावर तुम्ही किती दिवस राहू शकता ते आय-९४ नावाची प्रवेशाची नोंद ठरवते. आणि मुदतवाढ झाली की कंपनीकडे जो मंजुरीचा कागद येतो, आय-७९७, त्याच्या तळाशी नवं आय-९४ जोडलेलं असतं. स्टॅम्प २०१७ ला संपलेला आणि आय-९४ २०२८ पर्यंतचं, असा माणूस पूर्णपणे कायदेशीर असतो. फक्त भारतात जाऊन आला तर परत येताना नवा स्टॅम्प लागतो.

माझ्या वेळी कोविडमुळे वकिलाती जवळजवळ बंदच होत्या, त्यामुळे माझा स्टॅम्प कधीच संपलेला. कर्ज अधिकाऱ्याने पासपोर्टाचं पान उघडलं, तारखेवर बोट ठेवलं आणि फाइल बाजूला सारली. तीन दिवस ती तिथेच पडून. मग मी आय-७९७ ची प्रत काढली, तारखेखाली पेन्सिलने रेघ मारली आणि स्वतः नेऊन दिली. ‘अच्छा, हे खरं का?’ असा त्याचा चेहरा झाला. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो: पहिल्याच दिवशी आय-७९७, ताजं आय-९४ आणि नोकरीचं पत्र एकत्र द्या. पासपोर्ट मागितला तरच दाखवा.

आय-९४ चे सातच महिने उरलेत. बँक नाही म्हणेल का?

काही बँका म्हणतात. फॅनी मे काही ‘अमुक इतकी मुदत उरलेली हवी’ असं म्हणत नाही, पण बँका आपापल्या पदरच्या अटी घालतात. एकीने नाही म्हटलं की दुसरीकडे जा. एच-१बीवाल्यांची कर्जं रोज करणारा अधिकारी शोधला तर निम्मं डोकं दुखणं कमी होतं. एडिसन, बे एरिया, डॅलस इथे असे लोक भरपूर सापडतात.

सहा वर्षांची मर्यादा असते ना? मग ३० वर्षांचं कर्ज कसं?

एच-१बी तीन वर्षांचा, वाढवून एकूण सहा. त्यापुढे राहायचं तर ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू झालेली हवी. कामगार खात्याचा अर्ज किंवा आय-१४० (कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) दाखल होऊन वर्ष झालं असेल तर एकेका वर्षाची वाढ मिळते. आय-१४० मंजूर असेल आणि रांगेत तुमचा नंबर अजून लागलेला नसेल तर तीन-तीन वर्षांची. २००० सालच्या एका कायद्याने ही सोय केली, आणि तिच्याच जोरावर लाखो भारतीय इथे वर्षानुवर्षं ‘तात्पुरते’ राहत आहेत.

रांग इतकी लांब का? नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्के. भारत असो की आइसलँड, वाटा तोच. २०२५ मध्ये भारतासाठी ईबी-२ (उच्चशिक्षितांचा गट) ची रांग २०१३ सालच्या अर्जांपाशी रेंगाळत होती. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०१६ ची. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता गुणाकार-भागाकार करतात.

आय-१४० मंजूर असेल तर नोकरी बदलायला मोकळं होतो का?

बऱ्यापैकी. मंजुरीनंतर १८० दिवस उलटल्यावर जुन्या कंपनीने ते मागे घेतलं तरी, एरवी काही गडबड नसेल तर तुमची प्रायॉरिटी डेट जात नाही आणि तिच्या आधारावर मुदतवाढही मिळत राहते. नव्या कंपनीला ग्रीन कार्डाचे अर्ज पहिल्यापासून करावे लागतात, रांगेतली जागा मात्र जुनीच राहते. म्हणून कंपनी बदलण्याआधी ते १८० दिवस मोजा. पाचव्या महिन्यात घाई करून बाहेर पडलेले लोक मला माहीत आहेत.

नोकरीही बदलायची आहे आणि घरही घ्यायचं आहे. आधी काय?

एक काम पूर्ण करा, मग दुसरं. एच-१बीचं ट्रान्सफर सोपं आहे, नव्या कंपनीचा अर्ज दाखल झाला की मंजुरीची वाट न पाहता रुजू होता येतं. पण क्लोजिंगच्या (घराचा व्यवहार पूर्ण होण्याच्या) आधीच्या दहा कामकाजाच्या दिवसांत बँक तुमच्या कंपनीला फोन करते, ‘हा माणूस अजून तुमच्याकडे आहे का?’ म्हणून. तिथे ‘गेल्या शुक्रवारी गेला’ असं उत्तर आलं की कर्ज थांबलं, आणि घरासाठी भरलेली इसाऱ्याची रक्कमही धोक्यात.

सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या १ लाख डॉलर फीबद्दलही विचारतात. ती मुख्यतः अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जांवर आहे. इथे कायदेशीर असताना कंपनी बदलणाऱ्याला ती लागत नाही.

नोकरी गेली तर घराचं काय?

घर लगेच जात नाही. पहिला धोका तुमच्या दर्जाला असतो.

नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. मोजणी साधारणपणे ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मोठ्या लेऑफमध्ये कंपनी दोन महिने पगार देऊन घरी बसवते, त्या काळाबद्दल वकिलांत दोन मतं आहेत. त्यावर घर अवलंबून असेल तर विचारून घ्या. या ६० दिवसांत नव्या कंपनीचा अर्ज दाखल व्हायला हवा, मंजूर व्हायला नको. ते जमत नसेल तर जोडीदाराच्या एच-१बीवर एच-४ (जोडीदाराचा दर्जा) साठी किंवा बी-२ (पर्यटकाचा दर्जा) साठी अर्ज करून थांबता येतं, पण बी-२ वर काम करता येत नाही आणि एच-४ वर वेगळा परवाना असेल तरच.

आणि ६० चे खरे ४५ धरा. ऑफर आली की कंपनीला आधी कामगार खात्याकडून एक मंजुरी घ्यावी लागते, तिला सात कामकाजाचे दिवस लागतात. मग वकिलाची कागदपत्रं, मग दाखल करणं.

एका मित्राच्या स्वयंपाकघरात हे मी पाहिलं आहे. पगाराचा शेवटचा दिवस २० जानेवारी २०२३. भिंतीवर कालनिर्णय होतं, आईने डिसेंबरात मेथीच्या लाडवांबरोबर पाठवलेलं. वहिनींनी त्यावर लाल पेनने आकडे टाकले. २१ जानेवारीला १. महाशिवरात्रीच्या चौकोनात २९. ६० हा आकडा बरोबर गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी पडत होता. त्या घरात कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं, पण चहा करताना प्रत्येक जण तिकडे बघायचा. ऑफर होळीच्या दिवशी आली, ४५व्या दिवशी. अर्ज ५६व्या दिवशी गेला. मधल्या दिवसांत त्याने घर विकायची तयारी म्हणून रिअल्टरलाही बोलावलं होतं, आणि त्या बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर फोटोतून काढायला सांगितलं. वहिनींनी काढलं नाही.

कर्जाची बाजू अशी. गृहकर्जाच्या करारात व्हिसा बदलला म्हणून कर्ज परत मागायचं कलम नसतं. हप्ते जात राहिले तर बँकेला तुमचा दर्जा कळतही नाही. हप्ते थांबले तरी १२० दिवसांची थकबाकी होईपर्यंत जप्तीची कारवाई सुरू करता येत नाही, आणि न्यू जर्सीत ती कोर्टातूनच होते, म्हणजे बराच वेळ लागतो. पण थकवण्याआधी फोन करा, काही महिने हप्ता पुढे ढकलायची सवलत मिळू शकते. विकायचं ठरलंच तर सौदा झाल्यावर क्लोजिंगला साधारण ३० ते ४५ दिवस. म्हणजे ६० दिवसांत घर विकून निघणं जवळजवळ अशक्य. देश सोडून गेल्यावरही विकता येतं, कागद भारतातून सह्या करून पाठवता येतात. घाईत पाडून विकू नका.

आणि हो, एच-१बीच्या मुदतीच्या आत कंपनीने काढलं तर भारतात परतायचा वाजवी तिकीटखर्च तिने द्यायचा असतो. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

बायकोचा किंवा नवऱ्याचा पगार कर्जात धरतात का?

एच-४ वर काम करायचा परवाना, म्हणजे ईएडी, २०१५ पासून मिळतो, तोही एच-१बीवाल्याचं आय-१४० मंजूर असेल किंवा सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ झाली असेल तर. तो पगार धरतात. पण ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर दुसऱ्या दिवसापासून काम बंद. म्हणून माझं स्पष्ट मत: हप्ता एकाच्याच, एच-१बीवाल्याच्याच पगारात बसेल असं घर बघा. दुसरा पगार बचतीला.

एल-१वाल्याच्या, म्हणजे एल-२ वरच्या, जोडीदाराला २०२१ च्या नोव्हेंबरपासून वेगळ्या ईएडीची गरज नाही.

जोडीदाराला कामाचा परवानाच नसेल तर कर्जावर नाव बहुधा येणार नाही, पण घराच्या मालकी हक्काच्या कागदावर नाव घालता येतं. घालाच.

ओपीटीवर घर?

मिळू शकतं, घेऊ नये. स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांची) २४ महिन्यांची वाढ धरूनही एकूण तीन वर्षं, आणि पुढे एच-१बीच्या ८५,००० जागांची लॉटरी.

डाउन पेमेंटसाठी घरून पैसे आणायचेत. कसे?

सरळ, कागदासह, आणि क्लोजिंगच्या किमान तीन महिने आधी. अंडररायटर, म्हणजे बँकेचा फाइल तपासणारा, तुमच्या शेवटच्या दोन महिन्यांच्या स्टेटमेंटमधली प्रत्येक मोठी रक्कम विचारतो. रक्कम आधीच येऊन मुरली असेल तर प्रश्न कमी.

आई-बाबांनी भेट म्हणून द्यायचे असतील तर भारतात राहणाऱ्या प्रत्येकाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेत आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. ते बुडीत जात नाही, विवरणपत्र भरताना वजा होतं किंवा परत मिळतं, पण तोवर बाबांच्या ठेवीतली मोठी रक्कम अडकते. हे त्यांना आधी सांगा, नाहीतर बँकेतून घरी आल्यावर फोन येईल. मार्चमध्ये अर्धे आणि एप्रिलमध्ये अर्धे पाठवले तर १० लाखांची सूट दोनदा मिळते.

तुमचेच पैसे एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या खात्यात) असतील तर वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत आणता येतात, चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला लागतो.

इकडची बाजू: परदेशातून वर्षात १ लाख डॉलरच्या वर भेट आली तर त्यावर कर नाही, पण आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) ३५२० नंबरचा फॉर्म भरावा लागतो. विसरलात तर दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. बऱ्याच टॅक्सवाल्यांना हा फॉर्म आपणहून आठवत नाही.

क्रेडिट स्कोअर किती हवा?

७४० च्या वर असेल तर चांगला दर मिळतो. आल्या आल्या एक कार्ड घ्या, दर महिन्याला पूर्ण भरा, आणि घराआधी नवी गाडी कर्जावर घेऊ नका. इथे गाडीचा हप्ता घराचं कर्ज खातो.

खालचा मजला भाड्याने दिला तर व्हिसाला धोका आहे का?

भाडं घेणं म्हणजे नोकरी नव्हे, ते चालतं. पण रोजची पाहुण्यांची ये-जा, साफसफाई, जाहिराती असा धंदा स्वतः चालवू लागलात तर ते काम ठरू शकतं. शिवाय स्वतः राहायचं म्हणून घेतलेल्या घरात ६० दिवसांत राहायला जाऊन किमान वर्षभर राहायचं, असं कर्जाच्या कागदात लिहिलेलं असतं.

भारतात गेलो आणि स्टॅम्पिंगमध्ये अडकलो तर?

डिसेंबर २०२५ मध्ये हेच झालं. सोशल मीडिया तपासणीसाठी भारतातल्या मुलाखतींच्या तारखा एकदम काही महिने पुढे गेल्या, आणि नाताळच्या सुट्टीत आलेले कितीतरी लोक मुंबई-पुण्यात अडकले. आता ड्रॉपबॉक्सही, म्हणजे मुलाखतीशिवायचं स्टॅम्पिंगही, बहुतेकांना नाही. जाण्याआधी सगळे हप्ते ऑटो-पेवर टाका, शेजाऱ्याकडे किल्ली द्या, जोडीदाराच्या किंवा विश्वासू मित्राच्या नावे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करा. घराच्या विम्याचा कागदही वाचा. बऱ्याच पॉलिसींत घर महिना-दोन महिने रिकामं राहिलं तर पाणी फुटल्याचे पैसे मिळत नाहीत. जानेवारीत हीटर बंद करून जाऊ नका.

मग घ्यावं की थांबावं?

एक हिशेब मांडतो. ६ लाख डॉलरचं घर, १० टक्के डाउन पेमेंट, साडेसहा टक्के व्याज. कर्जाचा हप्ता ३,४१३ डॉलर. न्यू जर्सीतला कर साधारण १,१०० महिना. विमा आणि पीएमआय धरून ४,८०० च्या पुढे. दोन वर्षांत मुद्दल फिटतं सुमारे १२,५०० डॉलर, आणि विकायचा खर्चच ५ टक्के धरला तरी ३०,०००. म्हणजे दोन वर्षांत जावं लागलं आणि भाव वाढले नाहीत तर तोटा नक्की.

म्हणून मी दोन गोष्टी बघायला सांगतो. आय-१४० मंजूर आहे का, आणि क्लोजिंगनंतर हातात सहा महिन्यांचे हप्ते, या उदाहरणात २९,००० डॉलर, उरतात का. दोन्ही असेल तर ग्रीन कार्डाची वाट बघत भाड्याच्या घरात मुलांची शाळा संपवण्यात अर्थ नाही. एकच असेल तर वर्षभर थांबा. भारतातून फोनवर ‘अजून भाड्याने राहता?’ असं विचारणाऱ्यांना हा हिशेब पाठवून द्या.

कायमचं परतताना घर विकलं तर किती कापतात?

घरात मागच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं मालक म्हणून राहिला असाल तर २,५०,००० डॉलरपर्यंतच्या नफ्यावर कर नाही, जोडप्याला ५,००,०००. पण करासाठी अमेरिकेचे अनिवासी झाल्यावर विकलंत तर विक्रीच्या किमतीतून, नफ्यातून नव्हे, १५ टक्क्यांपर्यंत रक्कम रोखून धरतात. घेणारा स्वतः राहणार असेल आणि किंमत १० लाख डॉलरच्या आत असेल तर १० टक्के. विवरणपत्र भरल्यावर जादा रक्कम परत मिळते, वेळ जातो. न्यू जर्सी राज्य सोडून जाणाऱ्यांकडून वेगळा आगाऊ करही घेतं, किमान २ टक्के. जमत असेल तर निघण्याआधी विका.

पासपोर्टात वडिलांचं नाव मधे आहे, लायसन्सवर नाही. बायकोच्या पदवीवर माहेरचं नाव. चालतं का?

चालतं. क्लोजिंगला एक प्रतिज्ञापत्र असतं, त्यात तुमच्या नावाची जगात सापडलेली सगळी रूपं छापलेली असतात आणि प्रत्येकापुढे त्या-त्या स्पेलिंगने सही करायची. माझी पाच होती. वडिलांच्या नावासह, त्याच्याशिवाय, नुसत्या आद्याक्षराने, आडनावात एक ‘ए’ जास्त असलेलं, आणि एक, ज्यात कुठल्याशा क्रेडिट कार्ड कंपनीने माझं नाव आणि वडिलांचं नाव जोडून एकच केलं होतं. त्या पाचव्याची सही कशी करायची हे मला कळेना. नोटरीबाई म्हणाल्या, जोडूनच करा.